लॅराव्हेल: रोज पहाटे 'परमिशन डिनाइड', ७७७ करूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच

बिलवाला

नमस्कार मंडळी, बरंच शोधलं पण नेमकं उत्तर मिळत नाहीये म्हणून इथे विचारतोय.

आमचं हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलिंगचं एक छोटं ॲप आहे, लॅराव्हेलमध्ये (पीएचपीचं फ्रेमवर्क), एका व्हीपीएसवर (भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरवर) चालतं. उबुंटू २२.०४, वेब सर्व्हर एनजिनएक्स, पीएचपी चालवायला पीएचपी-एफपीएम, सगळं नेहमीचंच. हे मी बांधलेलं नाही. आधी जो मुलगा बघायचा तो दुसरीकडे गेला आणि जाताना एक टेक्स्ट फाइल ठेवून गेला, त्यात फक्त "सकाळी साइट बंद दिसली तर हे चालव" आणि त्याखाली सुडो लावून (रूटच्या अधिकाराने) स्टोरेज फोल्डरवर चमोड -आर ७७७, म्हणजे आतलं सगळं सगळ्यांना वाचायला, लिहायला, चालवायला मोकळं. तर आता मी रोज सकाळी चहाच्या आधी हे चालवतो आणि साइट चालू होते ती थेट दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत. मग पुन्हा बंद.

बंद म्हणजे होमपेज उघडतं, पण कोणी लॉगिन केलं की ५०० एरर. एररमध्ये लिहिलेलं असतं की लॉगची फाइल अपेंड मोडमध्ये उघडता आली नाही, परमिशन डिनाइड. मॉनिटरिंगचा मेसेज साधारण पावणेसहाच्या सुमारास येतो, पण गंमत म्हणजे रोज येत नाही, आठवड्यात एखादा दिवस साइट आपोआप नीट असते, का ते देव जाणे.

वेबसाइटच्या युजरला फोल्डरमध्ये लिहायची परवानगी कायमची कशी द्यायची? ७७७ च्या वर तर काही नसतंच ना?

ता.क. थकबाकीची आठवण देणारे मेल सकाळी सहाला सुटतात ते पण कधीकधी जात नाहीत, पण तो वेगळा विषय आहे, त्याचा वेगळा धागा काढीन.

झटपट_जुगाड

भाऊ एवढं काय त्यात, तीच चमोडची कमांड रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवतो तो) टाकून दे दर मिनिटाला. उठायची पण गरज नाही. आमच्याकडे एका क्लायंटचं बरीच वर्षं असंच चाललंय.

टर्मिनलतात्या

जुगाडराव, तुमच्या क्लायंटचा पत्ता सांगू नका कुणाला 🙂

बिलवाला, फोनवरून टाइप करतोय त्यामुळे कमांड पण देवनागरीतच येणार, समजून घ्या.

७७७ च्या वर काही नसतं हे बरोबर, पण तुम्ही ७७७ करता ते आत्ता, या क्षणी तिथे असलेल्या फाइलींना. उद्या नवीन फाइल तयार होईल तिला ते लागू होत नाही. नवीन फाइलचा मालक कोण? तर ज्या युजरच्या नावाने ती प्रोसेस चालत होती तो. आणि परवानगी किती? तर प्रोग्राम मागतो ६६६ आणि त्यातून युमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या कापणारी सेटिंग) वजा होतो, युमास्क सहसा ०२२ असतो, म्हणजे हातात पडतं ६४४. मालकाने लिहावं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. फोल्डर ७७७ असला म्हणून आतली नवीन फाइल ७७७ होत नाही, हा गैरसमज फार जणांचा असतो. फोल्डरवरची लिहायची परवानगी म्हणजे त्या फोल्डरमध्ये फाइल नवीन बनवणं, पुसणं, नाव बदलणं. आहे त्या फाइलच्या आत लिहायला त्या फाइलचीच परवानगी लागते.

तुमचा लॉग 'डेली' चॅनलवर असणार, म्हणजे रोज नव्या तारखेची नवी फाइल. म्हणून रोज मरतंय.

तर उद्या सकाळी चमोड मारायच्या आधी तीन गोष्टी बघून इथे टाका. स्टोरेजमधल्या लॉग फोल्डरचं एलएस -एल, मालकाच्या नावासकट. पीएस लावून एफपीएमच्या प्रोसेस कुठल्या युजरने चालतायत ते. आणि लॅराव्हेलचा शेड्युलर (ठरलेली कामं वेळेवर चालवणारा) कुणाच्या क्रॉनटॅबमध्ये आहे, त्यात काय काय आहे. साइट दहा मिनिटं जास्त बंद राहील, राहू दे.

बिलवाला

धन्यवाद तात्या. बघितलं.

आजची फाइल: मालक डिप्लॉय (आम्ही लॉगिन करतो तो युजर), ग्रुप डिप्लॉय, ६४४. वेळ पाच चाळीसची (मी आयएसटीमध्ये करून सांगतोय, सर्व्हर यूटीसीवर आहे). बाकी जुन्या फाइली सगळ्या ७७७ दिसतात पण ते माझ्या रोजच्या कमांडमुळे असणार. मालक मात्र बहुतेकींचा डिप्लॉय, फक्त रविवारची फाइल डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या (वेबसाइटच्या युजरच्या) नावावर आहे. आणि रविवारी साइट नीट होती!!

एफपीएम डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाने चालतं. शेड्युलर डिप्लॉयच्या क्रॉनटॅबमध्ये, दर मिनिटाला, आउटपुट सगळं डेव्ह-नलमध्ये, म्हणजे कचऱ्यात, सोडलंय. त्यात ऑनलाइन आलेल्या पेमेंटची जुळवणी दर अर्ध्या तासाने, दहा आणि चाळीस मिनिटांनी, आणि सहाला ते आठवणीचे मेल.

टर्मिनलतात्या

सापडलं. आणि तुमचा ता.क. वेगळा विषय नाहीये, हाच विषय आहे.

साडेपाच म्हणजे यूटीसीचे रात्रीचे बारा. लॅराव्हेलचा टाइमझोन तुम्ही बदलला नसेल तर तो पण यूटीसीच असतो, त्यामुळे तुमच्या ॲपची तारीख पहाटे साडेपाचला बदलते. आता साडेपाचनंतर लॉगमध्ये पहिली ओळ जो लिहील त्याच्या नावावर त्या दिवसाची फाइल. बहुतेक दिवशी ती ओळ पाच चाळीसची जुळवणी लिहिते, ती चालते डिप्लॉय म्हणून, फाइल झाली डिप्लॉयची, ६४४. मग वेबसाइट, जी वेगळ्या युजरने चालते, तिला त्यात लिहिता येत नाही. होमपेज काही लॉग करत नसणार म्हणून उघडतं, लॉगिन एक ओळ लिहीत असणार म्हणून तिथे आपटतं.

पण एखाद्या दिवशी कोणी सभासद साडेपाच ते पाच चाळीसच्या मधे लॉगिन करतो, मॉर्निंग वॉकला निघताना बिल बघणारे काका असतात असे. त्या दिवशी फाइल वेब युजरची. साइट मस्त चालते, मॉनिटरिंग गप्प, तुम्ही चमोड मारत नाही. आणि क्रॉनवाल्या डिप्लॉयला दिवसभर लिहिता येत नाही, जुळवणी पहिल्याच लॉगच्या ओळीला मरते, मेल पण मरतात, आणि ओरडायला जागा नाही कारण आउटपुट डेव्ह-नलमध्ये.

सांगा, रविवारी मेल गेले होते का?

बिलवाला

नाही गेले!!! आत्ता मेलच्या सर्व्हिसवर जाऊन बघितलं, शून्य. आणि रविवारी ऑनलाइन भरलेल्यांची पेमेंट सोमवारी सकाळी जमा दिसली, त्यावरून एका सेक्रेटरींनी मला सुनावलं पण होतं. म्हणजे ज्या दिवशी साइट चांगली दिसते तोच दिवस वाईट असतो?

टर्मिनलतात्या

हो. साइट बंद पडते त्या दिवशी निदान तुम्हाला कळतं तरी.

उपाय सरळ आहे, एकाच फोल्डरमध्ये दोन युजर लिहितायत ते बंद करा. डिप्लॉयच्या क्रॉनटॅबमधून शेड्युलरची ओळ काढा आणि सुडो क्रॉनटॅब -यू देऊन वेब युजरच्या क्रॉनटॅबमध्ये टाका. त्या युजरला लॉगिन शेल नसतं म्हणून क्रॉन चालणार नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, क्रॉन आपलं बिन-एसएच वापरतं, त्याचा काही संबंध येत नाही. क्यू वर्कर (मागे रांगेतली कामं करणारी प्रोसेस) असेल तर तो चालवणाऱ्या सुपरवायझरच्या फाइलमध्ये पण युजर तोच करा. मग स्टोरेज आणि बूटस्ट्रॅपमधला कॅश, हे दोन फोल्डर एकदाच चाउन करून वेब युजरच्या मालकीचे करा. आणि डेव्ह-नल काढून आउटपुट एखाद्या फाइलमध्ये घ्या हो, ती फाइल वेब युजरला लिहिता येईल अशा जागी.

निळी_मांजर

तात्यांचं निदान एकदम बरोबर, उपाय मात्र मला अर्धा वाटतो. क्रॉन बदललं तरी माणूस उरतोच. तुम्ही डिप्लॉयने एसएसएच करणार, टिंकर (लॅराव्हेलचं कन्सोल) उघडणार, कधी मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) चालवणार, आणि नेमकं ते पहाटे नाही तर रात्री रिलीझ करताना काहीतरी लॉग झालं की फाइल पुन्हा डिप्लॉयची. "प्रत्येक वेळी सुडो -यू लावूनच आर्टिसन (लॅराव्हेलची कमांड) चालवायचं" असा नियम करता येतो पण नवीन मुलगा आला की तो नियम पहिल्याच आठवड्यात मोडतो. त्यापेक्षा दोघांनी लिहिलं तरी बिघडणार नाही अशी व्यवस्था फोल्डरवरच करून ठेवावी.

बरेच जण इथे सेटजीआयडी सांगतात, म्हणजे फोल्डरला ७७५ ऐवजी २७७५. त्याने आत तयार होणाऱ्या नव्या फाइलचा ग्रुप फोल्डरच्या ग्रुपसारखा होतो, चांगलं आहे, पण युमास्क ०२२ तसाच असेल तर ग्रुपला लिहायची परवानगी तरीही नसते. फाइल ६४४ च. नुसतं सेटजीआयडी करून "तरी होत नाही" म्हणणारे धागे ढिगाने सापडतील.

म्हणून डिफॉल्ट एसीएल, म्हणजे एकेका युजरला नाव घेऊन दिलेल्या परवानग्यांची यादी, जी नव्या फाइलींनाही लागते. सेटएफएसीएल कमांड लागते (नसेल तर एसीएल नावाचं पॅकेज टाका), ती दोनदा चालवायची, एकदा आत्ता असलेल्या फाइलींसाठी आणि एकदा -डी लावून पुढे येणाऱ्यांसाठी. दोन्ही वेळी वेब युजर आणि डिप्लॉय या दोघांना आर-डब्ल्यू आणि मोठा एक्स. मोठाच एक्स द्या, तो फोल्डरांना एक्झिक्यूट देतो पण साध्या फाइलींना देत नाही. फोल्डरवर डिफॉल्ट एसीएल असला की तिथे युमास्क लागूच होत नाही, म्हणून हे टिकतं.

पण एक सांगते, एसीएल लावल्यावर सवयीने त्या फोल्डरवर चमोड मारू नका. एसीएल असलेल्या फाइलवर चमोडमधला मधला आकडा ग्रुपचा राहत नाही, तो मास्क होतो, म्हणजे नाव घेऊन दिलेल्या सगळ्या युजरांची कमाल मर्यादा. तुम्ही ६४४ केलंत की एसीएलमध्ये डिप्लॉयला आर-डब्ल्यू लिहिलेलं दिसेल पण प्रत्यक्षात नुसतं वाचता येईल. एलएसमध्ये शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं की समजायचं इथे एसीएल आहे, गेटएफएसीएलने बघायचं. तसंच बाहेर बनवलेली फाइल एमव्हीने (हलवून) आत आणली तर ती जुन्याच परवानग्या घेऊन येते, सीपीने (कॉपी करून) आणली तर नव्या लागतात. बॅकअप परत आणताना हे नेमकं चावतं.

एसीएलच्या भानगडीत पडायचं नसेल तर लॅराव्हेलच्या लॉगिंग कॉन्फिगमध्ये डेली चॅनलला 'परमिशन' हा पर्याय आहे, तिथे ०६६४ द्या आणि दोघांचा ग्रुप एक करा, वर सेटजीआयडी. सुरुवातीचं शून्य विसरायचं नाही. शून्याशिवाय ६६४ लिहिलं तर पीएचपी तो साधा दशमान आकडा धरतं, अष्टमानात तो होतो १२३०, म्हणजे मालकाला लिहिता येतं पण वाचता येत नाही अशी अजब फाइल. पण हा उपाय फक्त लॉगपुरता, कॅश आणि अपलोडचं काय? म्हणून मी एसीएलच म्हणेन.

टर्मिनलतात्या

मान्य, पण क्रॉन वेब युजरकडे नेणं मी तरी सोडणार नाही. एसीएल कोणीतरी सहा महिन्यांनी फोल्डर नवीन बनवून उडवतं आणि कोणाला कळत पण नाही. दोन्ही करा.

आणि ग्रुपचा मार्ग घेतलात तर युजरमॉड -एजी मधलं छोटं 'ए' गाळू नका. ते गाळलं तर युजरचे बाकीचे जादा ग्रुप सगळे जातात, सुडो सकट, मग बसा प्रोव्हायडरच्या कन्सोलवरून दुरुस्त करत. ग्रुपात घातल्यावर आधीपासून चालू असलेल्या प्रोसेसला ते कळत नाही, एफपीएम रीस्टार्ट करावं लागतं आणि स्वतः लॉगआउट करून परत यावं लागतं.

झटपट_जुगाड

मला एक समजवा. व्हीपीएस यांचाच, दुसरं कोणी त्यावर नाही, मग ७७७ ने असं काय आभाळ कोसळतं? शेअर्ड होस्टिंग असतं तर मानलं असतं.

निळी_मांजर

प्रश्न रास्त आहे. खरं सांगायचं तर वेबवरून घुसणारा माणूस येतो तो वेब युजर बनूनच, त्याला स्टोरेजमध्ये लिहिता येतंच, ते ७७७ असो की ७७५. तिथे फरक फारसा नाही. फरक पडतो दोन जागी.

एक, मशीनवर माणूस दुसरा नसला तरी युजर दुसरे असतात. डेटाबेसचा वेगळा, रेडिसचा (मेमरीत डेटा ठेवणारा सर्व्हर) वेगळा. रेडिस बिनपासवर्ड इंटरनेटला उघडा राहिला तर त्याच्याकडून हव्या त्या फोल्डरमध्ये फाइल लिहवून घ्यायची युक्ती जुनी आणि प्रसिद्ध आहे, अट एवढीच की तो फोल्डर रेडिसच्या युजरला लिहिता येणारा असला पाहिजे. ७७७ वाला वेब फोल्डर म्हणजे ताट वाढून ठेवलंय.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, ७७७ कधी स्टोरेजवर थांबत नाही. कोणीतरी कंटाळून एक पायरी वर जाऊन अख्ख्या प्रोजेक्टवर मारतं. मग वेब युजर तुमचा कोडच बदलू शकतो. माझ्या मते कोडचा मालक डिप्लॉय, ग्रुप वेबचा, वेबला नुसतं वाचायला, एन्व्ह फाइल (पासवर्ड वगैरे असतात ती) ६४०, आणि लिहायला फक्त स्टोरेज आणि तो कॅश फोल्डर.

बिलवाला, सभासद पेमेंटच्या पावतीचे फोटो अपलोड करत असतील ना? ते स्टोरेजच्या पब्लिक फोल्डरमध्ये जातात आणि सिमलिंकने (शॉर्टकटसारखा दुवा) वेबवर दिसतात. तुमच्या एनजिनएक्सच्या कॉन्फिगमध्ये "डॉट पीएचपीने संपणारं काहीही एफपीएमकडे द्या" असं असेल तर फोटोच्या जागी कोणी पीएचपी फाइल चढवली की ती चालेल. एफपीएमकडे फक्त इंडेक्स डॉट पीएचपी जाईल असं करा, लॅराव्हेलला बाकी कुठली लागत नाही. जिथे लिहिता येतं तिथे काही चालता कामा नये, आणि जिथे चालतं तिथे लिहिता येता कामा नये.

कोकणी_कोडर

मधेच घुसतोय, पण विषय तोच आहे. माझ्याकडे पण २२.०४, आधी २०.०४ वर होतो तेव्हा चालायचं, नवीन मशीनवर हलवलं तर वेब युजरला स्टोरेजमध्ये लिहिणं सोडा वाचता पण येत नाही. फोल्डर ७७५, मालकी बरोबर, सगळं दहादा बघून झालं. साइट होम फोल्डरच्या आत आहे.

टर्मिनलतात्या

होम फोल्डरच्या आत आहे तिथेच घोळ. उबुंटू २१.०४ पासून नवीन युजरचा होम फोल्डर ७५० होतो, आधी ७५५ असायचा. आतल्या फोल्डरला काहीही द्या, वाटेतल्या एका जरी फोल्डरवर एक्झिक्यूट नसेल तरी आत शिरता येत नाही. वाड्याची खोली उघडी पण दिंडी दरवाजा बंद. नेमआय -एल देऊन पूर्ण पाथ द्या, रूटपासून एकेक पायरीच्या परवानग्या एकाखाली एक दाखवतो.

साइट वेगळ्या जागी हलवा, व्हारच्या खाली. होमला ७७७ करायचा मोह झाला तर एवढं लक्षात ठेवा, होम दुसऱ्यांना लिहिता येत असेल तर एसएसएच तुमची की नाकारतं, मग तुम्ही पण बाहेर.

लालटोपी

अल्मा किंवा रॉकी लिनक्सवाले कोणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी. वरचं सगळं बरोबर केलंत आणि तरी परमिशन डिनाइड, तर एलएसला मोठा झेड लावून बघा. एसईलिनक्समध्ये (परवानग्यांच्या वरचा वेगळा सुरक्षा-थर) फोल्डरचा टाइप एचटीटीपीडी-सिस-आरडब्ल्यू-कंटेंट-टी हवा, नुसता कंटेंट-टी असेल तर अपाचेला वाचता येतं, लिहिता येत नाही. सीएचकॉनने केलेलं पुढच्या रीलेबलला पुसलं जातं, म्हणून सेमॅनेज एफकॉन्टेक्स्टने नियम लिहून मग रीस्टोरकॉन. आणि कृपया एसईलिनक्स बंद करा असं सांगायला कोणी येऊ नका.

झटपट_जुगाड

मी टाइप करतच होतो 😄

बिलवाला

अपडेट देतो. काल रात्री शेड्युलर वेब युजरकडे हलवला, दोन्ही फोल्डरची मालकी बदलली, मांजरताईंनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही युजरांना एसीएल लावला. सुडो -यू देऊन वेब युजरच्या नावाने टच करून बघितलं, डिप्लॉयने पण केलं, एकमेकांच्या फाइलीत दोघांनी लिहून बघितलं. आज पहाटे मुद्दाम जागा राहिलो. पाच चाळीसला नवीन फाइल झाली, सहाला मेल गेले, लॉगिन पण चाललं. एनजिनएक्समध्ये डॉट पीएचपीवालंच होतं, ते बदललं.

आता एक नवीनच. एन्व्ह फाइल पण ७७७ निघाली, म्हणजे आधीच्या मुलाने कधीतरी अख्ख्या प्रोजेक्टवर मारलेलं दिसतंय. आणि गिट स्टेटस केलं तर शेकडो फाइली बदललेल्या दाखवतंय, डिफमध्ये एक ओळ वेगळी नाही, नुसतं जुना मोड १००६४४, नवीन मोड १००७५५. हे असंच कमिट करून टाकू का?

निळी_मांजर

नको नको, कमिट करू नका, ते सगळ्यांच्या मशीनवर जाईल. गिट परवानग्यांपैकी फक्त एक्झिक्यूट आहे की नाही एवढंच लक्षात ठेवतं, ७७७ मुळे सगळ्यांना एक्झिक्यूट लागलं म्हणून ते बदल दाखवतंय. कोअर फाइलमोड फॉल्स करून ते लपवता येतं पण मग परवानग्या तशाच राहतात, त्याने काही साधत नाही.

फाइंड वापरा. प्रोजेक्टच्या मुळापासून, स्टोरेज आणि तो कॅश फोल्डर वगळून (तिथे आता एसीएल आहे, चमोड नको), टाइप डी म्हणजे फोल्डरांना ७५५ आणि टाइप एफ म्हणजे फाइलींना ६४४. मग एन्व्हला वेगळं ६४०, आणि त्याचा ग्रुप वेबचा आहे ना ते बघून घ्या नाहीतर साइटच उठायची नाही. शेवटी गिट स्टेटस परत करा. आर्टिसन आणि व्हेंडरच्या (बाहेरच्या लायब्रऱ्यांच्या फोल्डरच्या) बिनमधल्या एखाद-दोन फाइलींना एक्झिक्यूट परत द्यावं लागेल, त्यातल्या गिटमध्ये असलेल्या तर गिटच उलट दिशेने दाखवेल, १००७५५ वरून १००६४४. व्हेंडर गिटमध्ये नसेल तर कंपोझर इन्स्टॉल पुन्हा चालवण्याऐवजी त्या बिनमधल्या फाइलींनाच हाताने ७५५ करा, लवकर होईल.

आणि त्या टेक्स्ट फाइलमधली ती ओळ उडवा आधी.